नवीन टॉवर बघताना फ्लॅटचा नकाशा सगळे बघतात, कोअरचा कुणीच बघत नाही

ओळंबा:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा विषय डोक्यात आहे म्हणून शेवटी धागा काढतोय. गेली सोळा वर्षं मी उंच रहिवासी इमारतींच्या सर्व्हिसेसचं काम करतो, म्हणजे पाणी, ड्रेनेज, वीज, लिफ्ट, आगीची व्यवस्था हे सगळं एकमेकांच्या आड न येता चाळीस-पन्नास मजले वर कसं न्यायचं ते बघायचं. ओळखीतलं कुणी टॉवरमधे घर घ्यायला निघालं की मला ब्रोशर पाठवतं. त्यात हॉल केवढा, बेडरूम केवढी, बाल्कनीतून काय दिसतं एवढंच असतं. मी म्हणतो अख्ख्या मजल्याचा नकाशा पाठव, मधे लिफ्ट आणि जिने दिसतात तो. तो बहुतेकांकडं नसतोच, आणि तो मागायचा असतो हेही त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

हा मधला भाग म्हणजे कोअर. लिफ्ट, जिने, लिफ्टसमोरची लॉबी, पाण्याच्या आणि वायरींच्या डक्ट, आणि या सगळ्याभोवती काँक्रीटच्या जाड भिंती. कुठल्या मापाची किती घरं विकायची ते आधी ठरतं, त्यावरून माणसं किती ते निघतं, त्यावरून लिफ्ट किती, जिने केवढे, टाक्या केवढ्या ते ठरतं आणि मग कोअरभोवती घरं लावली जातात. पण कोअरची जागा विकता येत नाही ना. मजल्याच्या एकूण बांधकामातली विकण्याजोगी जागा ८० टक्क्यांच्या वर न्यायची सगळ्यांची धडपड असते आणि त्यासाठी कात्री लागते ती कोअरलाच. लॉबी अरुंद होते, एक लिफ्ट गळते, डक्ट इतकी बारीक होते की दुरुस्तीला माणूस आत शिरू शकत नाही. घरातलं काही चुकलं तर तुम्ही टाइल्स बदलाल, एखादं कपाट हलवाल. कोअर चुकला तर इमारत पडेपर्यंत तो तसाच राहणार.

लिफ्टचंच घ्या. राहत्या इमारतीत पाच मिनिटांत एकूण माणसांपैकी ५ ते ७ टक्के माणसं हलवता आली पाहिजेत असं साधारण धरतात. ४० मजले, मजल्यावर ६ घरं, घरात साडेतीन माणसं धरली तर ८४० माणसं झाली, म्हणजे सकाळच्या गर्दीत पाच मिनिटांत पन्नासेक. कागदावर हे बसतं, पण सगळ्या लिफ्ट चालू आहेत असं धरून बसवलेलं असतं. एक दुरुस्तीला गेलीये आणि एकीत कुणाचं तरी सामान चाललंय असं धरून तेच गणित परत करा. एका प्रकल्पावर मी चौथ्या लिफ्टसाठी दोन बैठका भांडलो आणि हरलो. त्या इमारतीत आज लोक राहतायत, सकाळी खालच्या मजल्यांवर लिफ्ट भरूनच येते, दार उघडतं, आतले बाहेरच्यांकडं बघतात आणि दार बंद होतं. ते मी स्वतः उभं राहून बघितलंय, म्हणून हा धागा.

ज्यांना अनुभव आहे त्यांनी लिहा, जे घर घेतायत त्यांनी विचारा.

नवंघर:
फार वेळेवर धागा आला. आम्ही दोघांनी ४५ मजली इमारतीत २७व्या मजल्यावरचं घर जवळजवळ नक्की केलंय, टोकन अजून दिलेलं नाही. माझी भीती वाऱ्याची आहे. एवढी उंच इमारत हलते का, आणि हलली तर घरात बसून कळतं का? सेल्स ऑफिसमधे विचारलं तर म्हणाले अजिबात हलत नाही.

चौकट:
हलते. प्रत्येक उंच इमारत हलते आणि तिनं थोडं हललंच पाहिजे, त्यांनी तुम्हाला चुकीचं सांगितलं. मी स्ट्रक्चरल डिझाइन करतो. मोठ्या वादळात माथा किती सरकला तर चालेल याची मर्यादा साधारण उंचीच्या पाचशेव्या भागाइतकी धरतात, म्हणजे १५० मीटरला ३० सेंटिमीटर. रोज एवढं सरकत नाही, वर्षानुवर्षांतून कधीतरी येणाऱ्या वाऱ्याचा हा आकडा आहे. आणि माणसाला सरकणं कळत नाही, हेलकावा किती झपकन दिशा बदलतो ते कळतं. राहत्या घरांसाठी दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या वाऱ्यात वरच्या मजल्याचं त्वरण गुरुत्वाच्या १ ते १.५ टक्क्यात ठेवतात. ऑफिसला याहून जास्त चालतं, तिथं रात्री कुणी अंथरुणावर पडलेलं नसतं.

लोकांना वाटतं वारा समोरून ढकलतो तेवढंच. उंच आणि बारीक इमारतीला जास्त त्रास आडव्या बाजूनं होतो. वारा दोन्ही कडांवरून आळीपाळीनं सुटतो, भोवरे होतात, आणि त्या सुटण्याची लय इमारतीच्या स्वतःच्या झोक्याशी जुळली की ती आडवी डोलायला लागते. म्हणून आमची निम्मी खटपट ही लय मोडायची असते. कोपरे कापायचे, वर जाता जाता आकार बदलायचा, मधे एखादा मजला वाऱ्याला मोकळा सोडायचा. शिकागोचा अ‍ॅक्वा टॉवर ८० पेक्षा जास्त मजल्यांचा आहे, आर्किटेक्ट जीन गँगनं प्रत्येक स्लॅबची कड वेगळी, लाटेसारखी बाहेर काढली, ती दिसते सुंदरच पण तिच्यामुळं वारा इतका विस्कटतो की डँपर (डोलणं शोषून घेणारी यंत्रणा) लावावा लागला नाही. व्हँकुव्हरच्या वन वॉल सेंटरच्या माथ्यावर पाण्याच्या दोन प्रचंड टाक्या आहेत, इमारत एकीकडं गेली की पाणी उलटं हिंदकळतं आणि डोलणं शोषून घेतं. न्यूयॉर्कचं ४३२ पार्क अव्हेन्यू ४२६ मीटर उंच आहे आणि उंची रुंदीच्या साधारण पंधरापट. तिथं ठरावीक अंतरानं वाऱ्यासाठी मजले उघडे ठेवलेत, वर डँपर आहेत, तरी २०२१मधे रहिवासी कोर्टात गेले आणि त्यांच्या तक्रारींत आवाज, गळती, लिफ्ट बंद पडणं हे सगळं होतं. एवढं बारीक बांधायचं म्हणजे पुढं जन्मभर त्याची किंमत आत राहणाऱ्यांनी मोजायची असं माझं मत झालंय.

नवंघर, तुम्ही दोन गोष्टी विचारा. उंची रुंदीच्या कितीपट आहे (सात-आठच्या पुढं असेल तर खोलात जा), आणि विंड टनेलमधे (कृत्रिम वारा सोडून) इमारतीचं मॉडेल तपासलंय का, आणि तपासताना शेजारच्या इमारतीही ठेवल्या होत्या का, कारण शेजारच्या टॉवरचे भोवरे तुमच्यावर येऊन आपटतात. २७वा मजला तसा बऱ्यापैकी खाली आहे, माथ्यापेक्षा तिथं हेलकावा खूपच कमी असतो.

आणि ओळंबा, कोअरबद्दल मनापासून सहमत. आमच्या भाषेत तो इमारतीचा कणा. घरं जास्त बसावीत म्हणून कोअर एका टोकाला ढकलला की भूकंपात इमारत नुसती हलत नाही, पिळवटते, आणि कोपऱ्यातल्या खांबांचे हाल होतात.

पायरी:
मी २२व्या मजल्यावर अकरा वर्षं राहते. तुम्ही सगळे तांत्रिक लिहिताय, मला त्यातलं फार कळत नाही, पण आमच्याकडं जे झालं ते सांगते.

तीन वर्षांपूर्वी रात्री पावणेदोनला धुराच्या वासानं जाग आली. नवव्या मजल्यावर वायरींच्या डक्टमधे आग लागली होती. नंतर कळलं की प्रत्येक स्लॅबपाशी ती डक्ट बंद करायची असते, आमच्याकडं ती खालपासून वरपर्यंत सरळ उघडी होती, त्यामुळं धूर चिमणीतून चढावा तसा वर आला आणि दर मजल्याला लॉबीत शिरला. लिफ्ट वापरायची नाही एवढं माहीत होतं. सासूबाई तेव्हा ७८ वर्षांच्या, गुडघे दुखणारे, मी आणि माझा मुलगा त्यांना दोन्ही बाजूंनी धरून जिन्यात शिरलो. तीन मजले उतरलो असू तेवढ्यात खालून धूर यायला लागला, कारण जिन्याची दारं ये-जा सोपी व्हावी म्हणून लोकांनी विटा लावून उघडी ठेवलेली होती, आम्हीही ठेवायचो. तिथून पुढं काही दिसेना. सासूबाई खोकत पायरीवर बसल्याच.

मग मुलाच्या लक्षात आलं की पॅसेजच्या पार दुसऱ्या टोकाला आणखी एक जिना आहे. इतक्या वर्षांत आम्ही तो कधी वापरला नव्हता. १९व्या मजल्यावरून पॅसेजमधनं भिंतीला हात लावत चालत गेलो, तिकडचं दार बंद होतं म्हणजे नीट लागलेलं होतं, ते ढकललं तर आत दिवा चालू आणि हवा स्वच्छ. १९ मजले उतरायला आम्हाला पस्तीस मिनिटं लागली. खाली आल्यावर सासूबाईंनी जिन्याच्या कठड्यावरचा हात सोडलाच नाही बराच वेळ.

कुणाचा जीव गेला नाही. पण नवीन घर बघायला कुणी निघालं की मी आधी हेच सांगते, दुसरा जिना कुठं आहे ते बघा आणि एकदा तरी त्यानं उतरा.

ओळंबा:
पायरीताई, वाचून अंगावर काटा आला. हे लिहिल्याबद्दल खूप आभार, माझ्या सगळ्या आकड्यांपेक्षा हे महत्त्वाचं आहे.

साधारण अग्निशमन शिडी ३०-३२ मीटरपर्यंत पोचते, म्हणजे दहाव्या मजल्याच्या आसपास. काही शहरांकडं त्याहून खूप उंच शिड्या आहेत पण त्या लावायला खाली जागा, रस्त्याची रुंदी, पोडियमची (टॉवरच्या पायथ्याशी पसरलेल्या मजल्यांची) स्लॅब तेवढी भक्कम हे सगळं लागतं. त्यामुळं उंच इमारतीची सुटका इमारतीनंच करायची असते. जिन्यात पंख्यानं हवेचा दाब थोडा जास्त ठेवतात म्हणजे दार उघडलं तरी धूर आत यायच्याऐवजी हवा बाहेर जाते. पण हे सगळं त्या दाराला वीट लावली की संपलं, सतत उघडं राहिलेलं एक दार अख्ख्या जिन्याचा दाब घालवतं.

लंडनचा ग्रेनफेल टॉवर सगळ्यांना आठवत असेल, १४ जून २०१७, २४ मजले, ७२ माणसं गेली. अख्ख्या इमारतीला जिना एकच. इमारत १९७०च्या दशकातली, पण बाहेरून नवीन क्लॅडिंग (भिंतींवरचं पॅनेलचं आवरण) नुकतंच लावलेलं, दोन पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांमधे पॉलिथिलीन, आणि आग बाहेरून चढली. त्याच्या अडीचेक वर्षं आधी मेलबर्नच्या लाक्रॉस इमारतीत बाल्कनीतल्या एका सिगारेटपासून तशाच प्रकारच्या क्लॅडिंगनं पेट घेतला आणि दहा-बारा मिनिटांत आग माथ्यापर्यंत गेली. तिथं सुदैवानं सगळे वाचले. इशारा मिळालेला होता. इंग्लंडमधे आता १८ मीटरच्या वरच्या नवीन रहिवासी इमारतींना दुसरा जिना सक्तीचा होतोय, ३० सप्टेंबर २०२६पासून. एवढी साधी गोष्ट, तिला इतकी वर्षं लागली.

म्हणून इमारतीचा चेहरा बघताना एकच विचारा, बाहेर लावलेलं पॅनेल कशाचं आहे आणि ते जळतं का.

उन्हाची_तिरीप:
मी आर्किटेक्ट आहे, कोअरवर चर्चा चाललीये म्हणून थोडं वेगळं. कोअर मधे आणि चारी बाजूंनी घरं हा आकार ठरला की प्रत्येक घराला एक किंवा फार तर दीड बाजू मिळते. हवा आत यायला एक खिडकी आणि बाहेर जायला दुसरीकडची खिडकी लागते, ती नसली की कितीही मोठी काच लावा, हवा आत येऊन तिथंच राहते. मग दिवसभर एसी. काचेचा चेहरा तर मला उष्ण हवेत समजतच नाही, पश्चिमेचं ऊन तीन-चार तास थेट आत घ्यायचं आणि मग ते बाहेर काढायला वीज जाळायची.

हे सोडवता येतं, लोकांनी सोडवलंय. मार्सेयमधे ल कॉर्बुझिएच्या १९५२च्या इमारतीत पॅसेज दर तिसऱ्या मजल्यालाच आहे, त्यामुळं घरं वर-खाली होऊन इमारतीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जातात आणि ३३७ घरांपैकी बहुतेकांना दोन्हीकडची हवा मिळते. चार्ल्स कोरियांनी मुंबईच्या कांचनजंगामधे (१९८३) दोन मजली उंचीच्या बागा कोपऱ्यात खोल आत घेतल्या, जुन्या बंगल्याचा व्हरांडा उभा करून ठेवावा तशा, पाऊस आणि ऊन दोन्ही तिथंच थांबतं आणि पूर्व-पश्चिम वारा घरातून आरपार जातो. मला स्वतःला उंच राहत्या इमारतीचं यापेक्षा प्रामाणिक उत्तर दिसलेलं नाही. पण त्या खोल बागा म्हणजे न विकलेली जागा, आज तसा नकाशा घेऊन गेलात तर पहिल्या बैठकीतच त्या बाल्कन्या दीड मीटरवर येतात. माझ्या आल्यात. दोनदा.

घर बघायला जाल तेव्हा संध्याकाळी चार वाजता जा, सकाळी नको. आणि खालचा पॅसेज दिवा बंद करून बघा किती अंधार होतो ते.

नवंघर:
तिरीप, आमचा फ्लॅट पश्चिमेचाच आहे. नकाशात बाल्कनी १.२ मीटर. आता सगळंच नव्यानं बघावं लागणार.

पाना-पक्कड:
मी इमारती सांभाळायचं काम करतो. तुम्ही डिझाइन करून पुढच्या कामाला जाता, आमची सुरुवात तिथून होते, म्हणून थोडं मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

पाणी. दर १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब. ४० मजले म्हणजे १२० मीटर, वरच्या टाकीतून सरळ पाइप खाली आणला तर तळाला १२ बार, नळाला दोन-तीन पुरतात. म्हणून दहा-बारा मजल्यांचे झोन करून दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसवतात किंवा मधे टाकी देतात. हे व्हॉल्व्ह बिघडतात, बिघडणारच, प्रश्न हा की ते बदलायला हात पोचतो का. एका इमारतीत तो व्हॉल्व्ह एका घराच्या बाथरूमच्या फॉल्स सीलिंगमधे निघाला. घरमालक परगावी. दोन दिवस नऊ मजल्यांना पाणी नाही.

ड्रेनेजबद्दल लोकांना वाटतं पन्नास मजल्यांवरून पाणी पडतं म्हणजे तळाला पाइप फुटेल. तसं होत नाही, एक-दोन मजल्यांतच पाणी पाइपच्या भिंतीला धरून एका ठरावीक वेगाला येतं आणि मग तेवढ्याच वेगानं जातं. खरा धोका हवेचा आहे. व्हेंट पाइप (ड्रेनेजला हवा देणारा) नीट नसला की ते पाणी जाताना नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे जाळीखालच्या वाकात वास अडवायला साठलेलं, पाणी ओढून नेतं, ट्रॅप कोरडा झाला की डक्टमधली हवा घरात. २००३मधे हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्समधे सार्सची साथ अशाच कोरड्या ट्रॅपमधून पसरली, बाथरूमचा एक्झॉस्ट चालू केला की दूषित हवा आत ओढली जायची. तीनशेहून जास्त लोक आजारी पडले, ४२ गेले. तेव्हापासून रिकाम्या घरांच्या किल्ल्या मी मागून घेतो आणि महिन्यातून एकदा प्रत्येक ट्रॅपमधे बादलीभर पाणी ओतायला माणूस पाठवतो.

आणि वॉटरप्रूफिंग. मायामीजवळ सर्फसाइडला २४ जून २०२१ला रात्री १२ मजली इमारतीचा मोठा भाग कोसळला, ९८ माणसं. १९८१ची इमारत. पोडियमच्या स्लॅबवरचं पाणी झिरपतंय आणि स्लॅब खराब झालीये हे २०१८च्या अहवालात लिहिलेलं होतं, दुरुस्तीचा खर्च कुणी किती द्यायचा यात वेळ गेला. मूळ डिझाइनमधेच ती स्लॅब कमी ताकदीची होती असंही तपासात पुढं आलं. उंची फक्त १२ मजले. तुमच्या नवीन टॉवरला पोडियमवर बाग, त्यावर स्विमिंग पूल, खाली तीन मजले गाड्या, हे सगळं पाणी त्या एका स्लॅबवर उभं आहे. ती स्लॅब खालून दिसली पाहिजे, सीलिंग लावून झाकू देऊ नका.

बाहेरची काच धुणारा, एसीचं यंत्र दुरुस्त करणारा माणूस कुठं उभा राहणार हेही नकाशातच ठरलं पाहिजे. मिलानच्या बॉस्को व्हर्टिकालेवर शेकडो झाडं आहेत आणि ती छाटायला दोरावरून उतरणारे माळी ठेवलेत, ते आधी ठरवून केलंय म्हणून चाललंय. आमच्याकडं एसीची यंत्रं अशा फटीत बसवलीत की प्रत्येक वेळी एका मुलाला कठड्यापलीकडं जावं लागतं. पट्टा बांधूनसुद्धा मला ते बघवत नाही.

झाडसावली:
वाचतोय सगळं. मी शहर नियोजनात आहे आणि मला एक मूळ प्रश्न विचारायचाय, इतकं उंच जायलाच हवं का? लोकसंख्या मावत नाही म्हणून टॉवर हे सगळेच गृहीत धरतात. केंब्रिजमधे लेस्ली मार्टिन आणि लायनेल मार्च यांनी १९६०-७०च्या दशकात गणित मांडून दाखवलं होतं की तेवढंच बांधकाम प्लॉटच्या कडेनं फिरवलं आणि मधे मोठं अंगण सोडलं तर फार कमी मजल्यांत बसतं. टॉवर वर जातो, पण दोन टॉवरमधे उजेडासाठी अंतर सोडता सोडता जमीन गेलेली असते. वर उंचीबरोबर दर चौरस मीटरला लागणारं स्टील आणि काँक्रीटही वाढत जातं.

आणि टॉवर जमिनीला कसा टेकतो ते बघा. उंच भिंतीवर आपटलेला वारा खाली येतो आणि कोपऱ्यावर जोर धरतो. लीड्सच्या ब्रिजवॉटर प्लेसपाशी २०११मधे अशा वाऱ्यानं ट्रक उलटून पायी चाललेला एक माणूस गेला, नंतर तिथं वारा अडवायला मोठे पडदे उभारावे लागले. ३२ मजल्यांची इमारत, त्रास झाला तो तिच्यात न राहणाऱ्याला. त्यावर हल्ली खालचे पाच-सहा मजले पार्किंगचे, म्हणजे रस्त्यानं चालताना शे-दीडशे मीटर नुसती भिंत, संध्याकाळी तिथून एकट्या बाईनं जावं असं काही उरत नाही.

सिंगापूरमधे तीन चतुर्थांशाहून जास्त लोक सरकारी उंच इमारतींत राहतात आणि तिथं बहुतेक जुन्या ब्लॉकचा तळमजला मोकळा असतो, व्हॉइड डेक म्हणतात, म्हातारी माणसं बसलेली, पोरं खेळतायत, आरपार चालत जाता येतं. पिनॅकल अ‍ॅट डक्स्टन तर ५० मजल्यांचे सात टॉवर आहेत आणि २६व्या आणि ५०व्या मजल्यावर ते पुलांनी जोडलेत. म्हणजे उंची हाच गुन्हा असं मी म्हणत नाही, पण तिथं सांभाळणारी यंत्रणा पहिल्या दिवसापासून आहे. उलट सेंट लुईसच्या प्रुइट-आयगोमधे ११ मजली ३३ इमारती, पैसे वाचवायला लिफ्ट दर तिसऱ्या मजल्यालाच थांबायची, सांभाळायला निधी नाही, आणि जेमतेम अठरा वर्षांत, १९७२ला, त्या पाडायला सुरुवात झाली.

पायरी:
झाडसावली, तुमचं म्हणणं कळतं. पण मला माझा २२वा मजला आवडतो हेही लिहू द्या. वारा असतो, डास नाहीत, रात्री शांत. सासूबाई सकाळी बाल्कनीत बसून दूरच्या रस्त्यावरची वर्दळ बघत बसतात, खालच्या मजल्यावरच्या घरात त्यांना भिंत दिसायची. त्या आगीनंतरही आम्ही घर विकलं नाही. दारांच्या विटा मात्र काढल्या, आता महिन्याला मी स्वतः सगळ्या मजल्यांवर फिरून येते.

चौकट:
पायरीताई, तुमच्यासारखं एक माणूस प्रत्येक इमारतीत हवं.

मला मेसेजमधे कुणीतरी मायवानबद्दल विचारलं होतं, इथंच लिहितो. आता बऱ्याच टॉवरमधे अ‍ॅल्युमिनियमचं शटरिंग वापरून भिंती आणि स्लॅब एकदमच ओततात, पाच-सात दिवसांत एक मजला उठतो. माप अचूक येतं, गिलावा जवळजवळ लागत नाही, गळतीचे सांधे कमी. पण आतल्या भिंतीही स्ट्रक्चरचा भाग असतात, पुढं तुम्हाला दोन खोल्यांची एक करायची असेल तर विसरा. खिडकीसाठी भोक पाडणं तर गुन्हाच समजा. पाइप आणि वायरिंग ओतायच्या आधी बसतं, तिथं चूक झाली की ती काँक्रीटमधे गाडली जाते. आणि वेग. पाच दिवसांच्या चक्रात क्यूब टेस्ट (काँक्रीटच्या ताकदीची चाचणी), स्टीलची तपासणी, टेकू कधी काढायचे हे सगळं घाईत होतं. सिडनीचा ओपल टॉवर ३६ मजली, ३९२ घरं, लोक राहायला येऊन काही महिनेच झालेले आणि २४ डिसेंबर २०१८ला तडे गेले, सगळ्यांना ऐन सुट्टीत बाहेर काढावं लागलं. चौकशीत डिझाइनच्या आणि प्रत्यक्ष कामाच्याही चुका सापडल्या, मंजूर नकाशे आणि बांधलेलं यात फरक होता. म्हणून मी साइटवर जातो, कितीही मजले असोत.

नवंघर:
काल परत जाऊन आलो, दोघंही. अख्ख्या मजल्याचा नकाशा मागितला, सेल्सकडं नव्हताच, पाऊण तास बसलो मग प्रोजेक्ट इंजिनिअर स्वतः घेऊन आले. चांगला माणूस वाटला, सगळं दाखवलं. मजल्यावर ८ घरं, लिफ्ट ५, त्यात स्ट्रेचर मावेल अशी एक. विंड टनेल झालीये. बाहेरचं पॅनेल न जळणारं आहे म्हणाले, कागद पाठवतो म्हणाले. डक्टला दर मजल्याला दार आहे, माणूस उभा राहू शकतो.

जिने दोन आहेत. पण दोन्ही एकमेकांना चिकटून आहेत आणि दोन्हीची दारं त्या एकाच लिफ्ट लॉबीत उघडतात, मोजलं तर दारांमधे आठ पावलांचं अंतर. बायकोनं नकाशावर बोट ठेवून विचारलं, लॉबीत धूर असेल तर आम्ही कुठं जायचं? ते म्हणाले नियमात दोन जिने मोजले जातात. ती म्हणाली नियमाचं नाही विचारत. मग ते बराच वेळ नकाशाकडं बघत राहिले आणि आर्किटेक्टशी बोलतो म्हणाले. टोकन दिलेलं नाही.

ओळंबा:
तुमच्या पत्नीनं नेमकी जागा पकडली. यांना सिझर जिने म्हणतात, एकाच शाफ्टमधे दोन जिने एकमेकांत गुंफलेले, जागा कमी लागते म्हणून सगळ्यांना आवडतात. दोघांचं दार एकाच लॉबीत असलं की धुराच्या दृष्टीनं तो एकच जिना. पायरीताईंच्या इमारतीत तसं असतं तर त्या रात्री पॅसेज चालत जाऊन उपयोग नव्हता.

पण हे नकाशावर सुधारता येतं. सिझरमधे एका जिन्याचं तोंड आपोआप पलीकडच्या टोकाला येतं, तिकडं पॅसेज नेऊन दार काढायचं आणि लॉबी व पॅसेज यांच्यामधे आग अडवणारं दार लावायचं. एखाद्या घरातली दीडेक मीटर जागा जाईल. काम कुठवर आलंय?

नवंघर:
पाइल कॅप, म्हणजे पायाच्या खांबांवरचे काँक्रीटचे ठोकळे, झाल्यात. कोअरचं स्टील बांधायला घेतलंय, आम्ही बघितलं.

ओळंबा:
मग वेळ आहे, पण आठवड्यांचीच. त्या इंजिनिअरांना आजच लेखी मेल करा, नुसता फोन नको, नकाशाचा क्रमांक घाला आणि तुमच्यासारखे आणखी घर घेणारे ओळखीचे असतील तर त्यांच्याही सह्या घ्या. नकाशाचा फोटो प्रकल्पाचं नाव झाकून मला मेसेजमधे पाठवा. रात्री बसून दार कुठं बसेल त्याचं स्केच काढून देतो, मेलला जोडता येईल. चौकट, भिंतीत तिथं उघडा गाळा सोडला तर कोअरला चालेल का तेवढं बघाल?

चौकट:
पाठवा. उद्या दुपारपर्यंत बघून सांगतो.